साडेचार वर्षांच्या लेकीचे सहा दूधदात किडलेत. पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करावं, की ते काळं होणारं औषध लावावं?

लेकीची_आई_कराड

नमस्कार. जरा लांबण लावतेय, पण बरेच दिवस डोक्यात हेच चाललंय आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे.

मुलगी साडेचार वर्षांची. वरचे पुढचे चार दात हिरडीजवळ तपकिरी झालेत, त्यातल्या दोघांचे काठ तुटलेत. खालच्या दोन दाढांना, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, वरून खड्डा दिसतो. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ, एक डागही नाही, याचं मला नवल वाटतं. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. आइस्क्रीम खाल्लं की गालाला हात लावते. चिक्कीचा तुकडा दाढेत अडकला की रडते, काढला की लगेच खेळायला पळते. रात्री दातासाठी कधी उठलेली नाही.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढला आणि सांगितलं, पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सहाही दातांचं रूट कॅनॉल करू, वर कॅप बसवू. खर्च लाखाच्या घरात. मी विचार करून सांगते म्हटलं तर "जितका उशीर कराल तितकं वाढेल, उद्याचीच तारीख घ्या" असं उत्तर मिळालं. दुसरीकडे गेले, तिथल्या डॉक्टरांनी हत्यारानं हळूच टोकरून पाहिलं आणि म्हणाले, एक औषध लावू, सुई नाही, मशीन नाही, कीड आहे तिथं थांबेल, पण किडलेला भाग कायमचा काळा पडेल. खर्च काहीशे रुपये. एवढा फरक कसा असू शकतो? स्वस्तातलं म्हणून पोरीच्या तोंडात काहीतरी घालायचं का, ही भीती आहे. शिवाय पुढचेच दात काळे. बालवाडीत मुलं चिडवतील.

सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडायचेच आहेत, कशाला हात लावता? नणंदेनं फ्लोराइड नसलेली पेस्ट आणून दिलीय, कारण फ्लोराइड विषारी असल्याचा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय.

खाण्याचं सांगते. मी आणि हे दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसभर ती आजी-आजोबांकडे. सकाळी चहात बुडवून बिस्किट, मधे काकवी-चपाती, दुपारी चिक्की नाहीतर कुरकुरे, संध्याकाळी परत दूध-बिस्किट. बाटलीतून साखरेचं दूध पीत झोपायची सवय अडीच वर्षांची होईपर्यंत होती. दात सकाळी एकदाच, ती स्वतःच घासते.

कुणी डॉक्टर असतील किंवा कुणाच्या मुलांचं असं झालं असेल तर कृपया लिहा.


बालदंत_कोल्हापूर

ताई, मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. तोंड आणि एक्स-रे न बघता निदान करणार नाही. तुमच्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते हाताशी असावं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी दुखण्याबद्दल. काही खाल्लेलं नसताना आपोआप ठणका लागणं, झोपेतून रडत उठणं, हिरडीवर पुवाची पुटकुळी, गालाला सूज, ही नस बिघडल्याची लक्षणं. यातलं एकही असेल तर थांबायचं नाही. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. गार लागलं किंवा काही अडकलं की दुखतं आणि कारण गेलं की थांबतं. अशा दातातली नस बहुतेक वेळा जिवंत आणि सावरण्याजोगी असते. एक्स-रेमध्ये कीड नसेपासून किती लांब आहे आणि मुळाखाली काळी सावली आहे का, एवढं दोन्ही डॉक्टरांना नेमकं विचारा. सहाच्या सहा दातांना रूट कॅनॉल का, याचं उत्तर दातागणिक वेगळं मिळायला हवं. निवांत विचार करायला काही दिवस नक्की आहेत, काही महिने मात्र नाहीत.

आता "पडणारच आहेत" याबद्दल. पुढचे चार दात सहा ते आठ वर्षांदरम्यान पडतील, हे खरं. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या लेकीला त्यांच्यावर अजून सहा-सात वर्षं चावायचंय. दाढ अकाली काढावी लागली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाऊन टाकते. पुढे वेडेवाकडे दात आणि तारा, याची सुरुवात कितीदा तरी इथून होते. आजींना हे समजावून सांगा, त्या ऐकतील. नातवंडाच्या दुखण्याची काळजी त्यांनाही आहेच.

कीड म्हणजे काय, हे थोडं सांगते, कारण औषधाचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. दातावर साचणाऱ्या चिकट थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघायला लागतं. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि तेच क्षार परत भरते. रॉबर्ट स्टीफन या संशोधकांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं: साखर लागताच काही मिनिटांत पीएच कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. आता तुमच्या लेकीचा दिवस बघा. चहा-बिस्किट, काकवी, चिक्की, परत बिस्किट. लाळ भरपाईला लागते न लागते तोच पुढचा घास येतो. रात्री तर लाळ जवळजवळ थांबलेलीच असते, म्हणून बाटलीतलं साखरेचं दूध फार नडतं. खालचे पुढचे दात स्वच्छ का, तर दूध पिताना त्यांच्यावर जीभ असते आणि तिथं लाळही भरपूर असते. वरचे चार उघडे पडतात. ही नक्षी पाहिली की बाटलीची कीड आहे हे आम्ही ओळखतो.

साखर किती, यापेक्षा दिवसातून किती वेळा आणि किती चिकट, हे जास्त महत्त्वाचं, हे कळलं ते स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या प्रयोगांतून. दुसरं महायुद्ध संपत असताना ते सुरू झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांची कीड थोडीच वाढली, जेवणाच्या अधेमधे चिकट टॉफी खाणाऱ्यांची प्रचंड. हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संस्थेत ठेवलेल्या माणसांवर त्यांच्या संमतीशिवाय केला गेला. त्यांच्या दातांचं वाटोळं झालं. हे ज्ञान वापरताना ते सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा आजोबांची काकवी बंद करायची गरज नाही. जेवणाच्या ताटात वाढा. काकवी, गूळ आणि मध साखरेपेक्षा दाताला चांगले, हा समज मात्र सोडा. जंतूंना त्यात काही फरक पडत नाही. अधल्यामधल्या वेळेला फळ, शेंगदाणे (बारीक चावून खाता येत असतील तर), काकडी, घरचं ताक. शेवटचं ब्रशिंग झाल्यावर फक्त पाणी.

आता ते काळं औषध. त्याचं नाव सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, आम्ही एसडीएफ म्हणतो. ३८ टक्क्यांचं द्रावण असतं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेल्या दाताला घट्ट करतं. जपानमध्ये ते १९७० पासून अधिकृतपणे वापरात आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, ती दात शिवशिवण्यावरचा उपाय म्हणून. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. वर्षातून दोनदा लावलं तर दुधाच्या दातांतली दहापैकी साधारण आठ ठिकाणची कीड थांबते, असं आजवरच्या अभ्यासांवरून दिसतं. आपल्याकडेही मिळतं. एका थेंबात चार-पाच दात होतात, मशीन लागत नाही, म्हणून स्वस्त. स्वस्त आहे म्हणजे कमअस्सल आहे, असं इथे अजिबात नाही.

लावताना काय होतं ते सांगते, म्हणजे लेकीला आधीच सांगून ठेवता येईल. ओठांना आणि हिरडीला व्हॅसलीन. दातावरचं अन्न पुसून घ्यायचं, कापसानं दात कोरडा करायचा. छोट्याशा ब्रशच्या टोकानं औषध एक मिनिटभर खड्ड्यात चोळायचं. चव धातूसारखी, कडवट. झालं. कातडीला लागलं तर तपकिरी डाग पडतो, तो आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. कपड्यावरचा जात नाही, तेव्हा जुना फ्रॉक घालून न्या. चांदीची ॲलर्जी असेल, तोंड आलेलं असेल किंवा दाताची नस उघडी पडलेली असेल तर हे लावायचं नाही.

काळं होतं ते फक्त किडलेलं. चांगल्या दाताला काही होत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टर हत्यारानं टोकरून बघतील. आधी जिथं ओल्या चामड्यासारखं मऊ लागत होतं तिथं टणक, गुळगुळीत आणि चमकदार काळं लागलं, म्हणजे कीड थांबली. मऊच असेल तर परत लावायचं. पालकांना काळा रंग दिसला की पोटात गोळा येतो, ते मी रोज बघते. पण दातांच्या बाबतीत मऊ पिवळट-तपकिरी रंग म्हणजे चालू असलेली कीड, आणि टणक काळा म्हणजे थांबलेली. पुढच्या दातांचा काळेपणा नकोच असेल तर कीड थांबल्यावर वरून दाताच्या रंगाचं फिलिंग (ग्लास आयोनोमर किंवा कंपोझिट) लावता येतं. थोडी काळी झाक तरी उरतेच. एसडीएफवर पोटॅशियम आयोडाइड लावून काळेपणा कमी करायचीही पद्धत आहे, पण तो परिणाम पुरता टिकेल असं धरून चालू नका.

दाढांचा विचार वेगळा करावा लागतो. खड्डा मोठा असेल तर एसडीएफनंतरही त्यात अन्न अडकतच राहतं. तिथं हॉल पद्धतीची कॅप फार उपयोगी पडते. नॉर्ना हॉल या स्कॉटलंडमधल्या साध्या प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्य. त्यांनी कीड न कोरता, सुई न देता, स्टीलची तयार कॅप सिमेंट भरून दाढेवर दाबून बसवायला सुरुवात केली. कीड आत बंद होते, तिला साखर मिळत नाही, ती तिथंच थांबते. आम्ही शिकत होतो तेव्हा कीड सगळी कोरून काढायची हाच धडा होता, त्यामुळे पुष्कळ डॉक्टरांना हे आधी पटलं नाही. मग स्कॉटलंडमध्येच १३२ मुलांवर अभ्यास झाला: एकाच मुलाच्या तोंडात एका दाढेला हॉल कॅप, दुसऱ्या दाढेला नेहमीचं फिलिंग. पाच वर्षांनी पाहिलं तर दुखणं किंवा पू होण्यापर्यंत गेलेल्या दाढा कॅपवाल्यांत ३ टक्के होत्या, फिलिंगवाल्यांत सोळा टक्क्यांच्या वर. अट एकच, नस निरोगी हवी. कॅप बसवल्यावर सुरुवातीचे काही दिवस चावताना उंच लागते, मग चावा आपोआप जुळतो.

भूल वाईट असते असं मी म्हणत नाही. तीन वर्षांचं पोर, आठ-दहा दात सडलेले, गळू झालेलं, किंवा ज्या मुलाला काही आजारामुळे खुर्चीत बसताच येत नाही, अशांसाठी भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हॉस्पिटलमध्ये ते करणंच योग्य. पण भूल देऊन सहा दात दुरुस्त केले आणि घरी चहा-बिस्किट तसंच चालू राहिलं, तर राहिलेल्या चौदा दातांचं काय? हे मी फार कळकळीनं सांगतेय, कारण लाखभर खर्च केलेली मुलं वर्ष-दीड वर्षात नवी कीड घेऊन परत येताना पाहिलीत.

फ्लोराइडचं उत्तर सोपं आहे. तुमच्या लेकीला फ्लोराइडची पेस्ट हवीच. कवचाच्या पृष्ठभागावर ते क्षारांची भरपाई वाढवतं आणि नव्यानं भरलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पट्टी दाखवतात तेवढी नाही. पाकिटावर फ्लोराइडचं पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) वाचा. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये त्याच्या निम्मंच असतं, काहींत शून्य. किडलेल्या तोंडाला १००० चीच घ्या. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, ब्रश तुमच्या हातात. तिला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्याकडे, वरचा ओठ बोटानं उचला. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात दाढांच्या मागे पोचतच नाही. घासून झालं की थुंकायचं, चूळ भरायची नाही. पेस्टचा जो पातळ थर उरतो तोच रात्रभर काम करतो.

आणि ओठ उचलला की हिरडीलगत बघत जा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. खड्डा पडलेला नसतो, ती मागे फिरवता येते. तिथं दर तीन-सहा महिन्यांनी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर लावायचा चिकट लेप, लावतात.


गुरुजी_यवतमाळ

डॉक्टर मॅडमनी छान लिहिलं आहे. पण आमच्या भागातला कुणी हे वाचून पेस्ट आणायला धावू नये म्हणून लिहितो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावं आहेत जिथं बोअरच्या आणि हँडपंपाच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. वर्गात पोरांचे पक्के दात आले की त्यावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. आईबाप समजतात दात घासत नाहीत, म्हणून कोळसा, विटकर, कुणी तर मिश्री लावून घासायला लावतात. पट्टे तर जात नाहीत, उलट कवच घासलं जातं. पोरी हसताना ओढणी तोंडावर धरतात, हे मला रोज दिसतं आणि वाईट वाटतं. मोठ्यांचे गुडघे आणि कंबर आखडते तो पुढचा भाग.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ची मर्यादा आहे. पाणी तपासून घ्यायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचा किट असतो, त्यातही फ्लोराइड बघता येतं. रंगावरून, चवीवरून काही कळत नाही. उकळून तर मुळीच जात नाही. आमच्या गावात एका पंपाचं पाणी खराब आणि दोनशे पावलांवरच्या विहिरीचं चांगलं निघालं.

मॅडम, अशा गावातल्या पोरांना कोणती पेस्ट द्यावी?


बालदंत_कोल्हापूर

गुरुजी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. दातांवर पट्टे येतात ते दात हिरडीखाली तयार होत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत. त्यात पाण्याचा वाटा सगळ्यात मोठा, कारण ते दिवसभर पोटात जातं आणि स्वयंपाकही त्यातच होतो. म्हणून तुमच्याकडे पहिला उपाय पाणी बदलणं. सहा वर्षांखालच्या मुलाला, ज्याला अजून नीट थुंकता येत नाही, अशा गावात फ्लोराइडची पेस्ट सरसकट देऊ नये, जवळच्या दंतवैद्याशी बोलून ठरवावं. मोठ्या मुलांची पेस्ट थुंकली जाते, तिची तेवढी भीती नाही. पट्टे असलेल्या दातांनाही कीड लागते, तेव्हा बिस्किटांचं पथ्य तिथंही तेच.

एसडीएफमध्ये फ्लोराइड तीव्र असतं, पण वर्षातून दोनदा, थेंबभर, फक्त खड्ड्यात. रोजच्या पाण्याशी त्याची बरोबरी होत नाही.

कराडच्या ताईंना नळाचं नदीचं पाणी येत असेल तर चिंता नाही, नद्यांच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. सोसायटीत बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा तपासून घ्या.


मुक्काम_ग्लासगो

वर स्कॉटलंडचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझा मुलगा इथल्या नर्सरीत जातो. इथे चाइल्डस्माइल नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. नर्सरीत रोज सगळी मुलं टेबलाभोवती बसून एकत्र दात घासतात. प्रत्येकाच्या ब्रशवर एक चित्र असतं, मुलाला अक्षर येत नसलं तरी आपला ब्रश ओळखता येतो. आमच्याकडे हत्ती आहे. बाई प्रत्येकाला मटारएवढी पेस्ट देतात, घासून झालं की टिश्यूत थुंकायचं, चूळ नाही. मला आधी हे किळसवाणं वाटलं होतं, आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय दात घासले असं वाटतच नाही. आता घरी मीही तेच करते.

इथे पहिलीत येणाऱ्या मुलांचे दात दरवर्षी पाहतात. ठळक कीड नसलेली मुलं २००३ मध्ये सुमारे ४५ टक्के होती, २०२० पर्यंत ती ७३ टक्क्यांच्या पुढे गेली. गरीब वस्त्यांत फरक अजून आहे, पण तिथंही सुधारणा झाली.

मुलाच्या एका दाढेला हॉल कॅप आहे. आधी दाढांच्या फटीत छोटी रबरी रिंग घालून काही दिवस ठेवली, म्हणजे जागा होते. मग डॉक्टर कॅप ठेवून "जोरात चाव" म्हणाल्या. तोंड वाकडं केलं, पण रडला नाही. तो तिला लोखंडी दात म्हणतो आणि सगळ्यांना दाखवत सुटतो. मुलांना आपल्याइतकी लाज वाटत नाही, ताई.

माझी वहिनी साताऱ्यात अंगणवाडी सेविका आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ब्रश ठेवायला जाळी आणि पाण्याचा नळ एवढं असेल तर आमच्याकडेही होईल. माझ्या मते हे व्हायलाच हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. पण तपासून कागदावर लिहिल्यावर दात काही सुधारत नाही.


निवृत्त_पुणे

थोडं विषयांतर. पत्नीचं वय ७१. रक्तदाबाच्या गोळ्या, तोंड कायम कोरडं, म्हणून दिवसभर खडीसाखर चघळते. हिरड्या खाली सरकल्यात आणि मुळांजवळ कीड लागतेय. हे औषध मोठ्यांनाही चालतं का?


बालदंत_कोल्हापूर

चालतं, काका. हिरडीखालून उघड्या पडलेल्या मुळांच्या किडीवर एसडीएफ वृद्धांमध्ये चांगलं काम करतं. विशेषतः ज्यांना दवाखान्यात फार वेळ बसवत नाही त्यांच्यासाठी. दाताचं मूळ हे वरच्या कवचापेक्षा मऊ असतं, पीएच ६ च्या वर असतानाच त्याचे क्षार निघायला लागतात, म्हणून तिथं कीड झपाट्यानं पसरते. खडीसाखर मात्र आजच बंद करा. लाळ कमी आणि साखर सतत, याहून वाईट जोडी नाही. घोट घोट पाणी, हवी तर साखर नसलेली झायलिटॉलची गोळी. आणि गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तोंड कोरडं पडत असल्याचं सांगा, कधी कधी गोळी बदलता येते. स्वतः बंद करू नका.


लेकीची_आई_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या डॉक्टरांकडे परत गेलो, या वेळी सासूबाईंनाही बरोबर नेलं. त्यांनी एक्स-रे लाइटवर लावून एकेक दात दाखवला. पुढच्या चारही दातांची नस लांब आहे. उजव्या दाढेची कीड उथळ, डावीची खोल, पण मुळाखाली सावली नाही. पुढच्या चारांना आणि उजव्या दाढेला औषध लावलं. डाव्या दाढेला हॉल कॅप बसवायची ठरलीय, रबरी रिंग घातलीय. ते म्हणाले, कॅप घालूनही रात्री दुखलं तर मग त्या एका दाढेचं नसेचं काम करू.

दात काळे झालेत, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी बघून मला रडू आलं. लेकीनं आरशात पाहिलं आणि "माझ्या दाताला काजळ लावलं" म्हणाली. बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी वर्गात सगळ्यांना सांगितलं की हे औषध आहे. नंतर कुणी काही बोललं नाही.

रात्री मांडीवर घेऊन मी घासते. आजोबांनी काकवी दुपारच्या जेवणात हलवली. चहा-बिस्किटावरून अजून रोज वाद होतो. सध्या चहाऐवजी बिनसाखरेचं दूध आणि बिस्किटाऐवजी थालीपीठ किंवा उपमा, असं चाललंय. काही दिवशी जमतं, काही दिवशी नाही.

एक शेवटचा प्रश्न. घासताना तिच्या सगळ्यात मागच्या दाढेच्याही मागे हिरडी जरा फुगल्यासारखी लागतेय. ही कीड नाही ना?


बालदंत_कोल्हापूर

पाचव्या वर्षाच्या आतच असेल तर जरा लवकर आहे, पण बहुधा पहिली कायमची दाढ येण्याची तयारी असावी. पुढच्या भेटीत बोट लावून बघायला सांगा. लाल, गरम आणि दुखरी असेल तर लगेच दाखवा.

या दाढेवर लक्ष ठेवा. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि कुठलाही दूधदात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. आयुष्यभर चावायची मुख्य दाढ तीच. अर्धवट वर आलेली असताना ती बाकीच्या दातांपेक्षा खाली असते, सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो. ब्रश गालाकडून आडवा घालून तिच्यावर टेकवायचा. वरच्या खोल घळ्यांत अन्न बसतं, तेव्हा ती पुरती वर आली की घळ्या सीलंटनं बुजवून घ्यायच्या. त्यालाही सुई किंवा मशीन लागत नाही. जिच्या दूधदातांना एवढी कीड लागली, तिला सीलंट करायलाच हवं. तोपर्यंत औषध लावायला जाल तेव्हा त्या दाढेवर वार्निशही लावून मागा. डाव्या कॅपचं झालं की इथे कळवा, चावा किती दिवसांत जुळला ते मला जाणून घ्यायचंय.